एव्हलिनमावशींच्या मुलाला फोन

एव्हलिनमावशींना मी मावशी का म्हणायचे ते आधी सांगते. नाहीतर वाटेल, पुण्याची बाई अमेरिकेत जाऊनही दिसेल त्याला नात्यात ओढत सुटली. तशी मी सुटलेच होते म्हणा, पण मावशी हे नातं त्यांनी स्वतः निवडलं होतं.

गोष्ट २००३ सालची. माझ्या नवऱ्याची, विनयची, नोकरी न्यूयॉर्कला आणि आमचं बिऱ्हाड एडिसनला. सकाळी साडेसहाला तो ट्रेनसाठी पळायचा, तो संध्याकाळी साडेसातला उगवायचा. मी पुण्यात कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यामुळे मला नोकरीची परवानगीच नव्हती. बँकेतलं खातं विनयचं, अपार्टमेंटचं लीज विनयच्या नावावर, इन्शुरन्सच्या कार्डावर मी त्याची स्पाउस. ओक ट्री रोडवरून मेथी आणायची, ती निवडत बसायचं आणि आईला फोनवर 'मस्त चाललंय गं' म्हणून सांगायचं, एवढाच माझा उद्योग.

लायब्ररीत एक कागद लावलेला पाहिला. घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर इंग्रजांच्या राज्यातलं, अडीचशे वर्षांपूर्वीचं एक शेतकऱ्याचं घर गावानं म्युझियम म्हणून जपलेलं होतं. तिथे व्हॉलंटियर हवे होते. पगार नाही म्हणजे व्हिसाची भानगड नाही. मी गेले.

स्वयंपाकघरात एक उंच, हाडकुळी बाई चुलीपाशी वाकून उभी होती. घोट्यापर्यंत घागरा, कमरेला एप्रन, डोक्याला पांढरी टोपी, थेट त्या काळातली शेतकरीण. फक्त घागऱ्याखालून पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज डोकावत होते. वय चौऱ्याहत्तर, हे नंतर कळलं. तिनं माझ्या हातात फॉर्म दिला. मी सवयीनं नावापुढे विनयचं अख्खं नाव लिहिलं आणि 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, नवरा सॉफ्टवेअर इंजिनिअर.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. "हा येणार आहे का भांडी घासायला?"

"नाही."

"मग त्याचं इथे काय काम?" म्हणत तिनं विनयवर अशी काही रेघ मारली की कागदच फाटला. मग मला दुसरा फॉर्म दिला.

त्या एव्हलिन. दोनतीन आठवड्यांनी मी त्यांना काकू म्हणायला लागले, कारण एवढ्या मोठ्या बाईला नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभच वळेना. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, काकू म्हणजे काकांची बायको.

"कुठले काका?"

"तसं काही नाही, उगीच आपलं..."

"म्हणजे नसलेल्या माणसाचीसुद्धा मी बायको? नको बाई. दुसरं काही आहे का तुमच्यात?"

मी मावशी सुचवलं. आईची बहीण. त्या म्हणाल्या, "यात पुरुष नाही कुठे. चालेल." तेव्हापासून मावशी. अर्थात आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण माझ्या कानांत ते आता मराठीतच वाजतं.

शाळांच्या सहली आल्या की मावशींच्या अंगात यायचं. एखाद्या मुलीला पुढे बोलवायच्या आणि तिच्या हातांत एकेक वस्तू द्यायच्या. शाल, लाकडी चमचा, पाव, खोटी कोंबडी. "तू या घरची बाई. शाल तू विणलीस. कोणाची?" मुलगी म्हणायची, माझी. "चूक. नवऱ्याची." शाल काढून घ्यायच्या. पाव तू भाजलास, नवऱ्याचा. कोंबडी तू वाढवलीस, नवऱ्याची. शेवटी मुलगी रिकाम्या हातांनी उभी. मग हळूच विचारायच्या, "आणि तुला झालेली मुलं?" तोवर वर्गातल्या साऱ्या मुली एका सुरात ओरडायच्या, "नवऱ्याची!" मुलगे गोंधळून एकमेकांकडे बघायचे.

मात्र बाईला बिचारी केलेलं मावशींना खपायचं नाही. एकदा एक शिक्षिका हळहळत म्हणाली, "बिचाऱ्या काय सोसायच्या नाही!" मावशी ताडकन म्हणाल्या, "बिचाऱ्या कसल्या? शेत चालवायच्या, खाणावळी चालवायच्या, बाळंतपणं करायच्या, नवरा मेला तर त्याचा छापखाना चालवायच्या. कामाला कधीच ना नव्हती. सहीला होती."

कामात खोट मात्र चालत नसे. लोणी काढायला एक उंच लाकडी पिंप होतं, त्यात दांडा वरखाली करायचा. तास झाला तरी लोणी येईना. मी म्हटलं, साय गरम झालीय, थोडं गार पाणी घाला. घातलं, आणि पाच मिनिटांत गोळा. मावशी हरखून गेल्या. येईल त्याला सांगत सुटल्या, "हिच्या घरी पिढ्यान् पिढ्या असंच काढतात." मी पुण्यात लोणी मिक्सरवर काढायचे. पण त्यांचं ते कौतुक मोडायचा धीर झाला नाही. खोटं तिथूनच सुरू झालं म्हणायचं.

त्यांचा आवडता किस्सा बँकेचा. तरुणपणी त्याही शिक्षिका होत्या. दिवस गेल्याचं दिसू लागलं तशी शाळेनं घरी बसवलं, तेव्हा तशीच रीत होती. पुढे नवरा सोडून गेला, मुलगा पॉल पाच वर्षांचा. मावशी पुन्हा कामाला लागल्या आणि काही वर्षांनी एक छोटं घर घ्यायला निघाल्या. बँकेतला साहेब म्हणाला, पुरुषाची सही लागेल. नवरा नाही? मग वडिलांची आणा. मावशींचे वडील तेव्हा अंथरुणावर, मुलीलाही ओळखत नव्हते. "त्यांच्या हातात पेन धरलं, त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि सही केली," मावशी सांगायच्या. "मी कमावती, धडधाकट, बत्तीस वर्षांची. आणि माझी जबाबदारी घेतली कोणी? ज्याला वारही आठवत नव्हता त्यानं!" असं म्हणून खो खो हसायच्या. ते घर त्यांनी चाळीस वर्षं सांभाळलं. दाराला रंगसुद्धा स्वतः द्यायच्या.

एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही केमिस्ट्रीची प्राध्यापक. लायब्ररीचं कार्ड काढायला गेली तर पत्त्याचा एकही कागद हिच्या नावावर नाही, नवऱ्याला न्यावं लागलं. अडीचशे वर्षांत आम्ही कुठून कुठे आलो, आणि हिला आणून पुन्हा चुलीपाशी बसवलं!"

मला भयंकर राग आला. माणसं गेल्यावर मी म्हटलं, "मी माझ्या मर्जीनं आलेय. विनय तसला नाहीये."

"नसेलच," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणींचे नवरे चांगलेच होते. मर्जी वेगळी आणि कागद वेगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपली जुनी निळी गाडी घेऊन आमच्या दारात हजर. गाडीत बस म्हणाल्या, ड्रायव्हिंग शिकवते. विनयनं दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा आमचं गाडीतच असं जुंपलं की तो विषयच आम्ही कॅन्सल केला होता. मावशी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्यायच्या आणि बाजूला बसून शांतपणे सफरचंद खायच्या. मी ब्रेक करकचून दाबला की नुसतं म्हणायच्या, "असू दे, गाडी माझी आहे." कोणी हॉर्न मारला की मी काचेआडून सॉरी सॉरी करायचे. त्यांनी दम भरला, "त्याला ऐकू येत नाही आणि तुझी चूकही नाही. चल." चार महिन्यांनी माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं लायसन्स आलं. अमेरिकेत नुसतं माझं असं ते पहिलं कार्ड. मावशींनी ॲपल पाय केला आणि तो आम्ही दोघींनी चमच्यांनी थेट भांड्यातून खाल्ला.

हे सगळं अशासाठी सांगतेय, की ज्या बाईनं मला हे दिलं तिचं मी काय केलं ते नीट कळावं.

२००५ चा ऑक्टोबर. चुलीपाशी काम करताना मावशींच्या एप्रनची कड निखाऱ्याला लागली. त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी बादलीतलं पाणी ओतलं. हातभर कापड जळलं, बाकी काही नाही. त्याच दुपारी मला घरी सोडताना आमच्या जवळच्या सर्कलला त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. बाहेर पडायचा रस्ताच सुचेना. शेवटी मी सांगितला.

गाडी थांबवून त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची नवी गोळी दिलीय. ती सुरू केल्यापासून डोकं जड असतं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जातेय. तोवर कुणाजवळ बोलू नकोस. पॉलजवळ तर नाहीच."

पॉल ओहायोत इंजिनिअर होता. स्वभावानं सरळ, आईवर जीव. पण गेली दोन वर्षं त्याचं एकच पालुपद होतं, घर विक आणि माझ्या गावच्या वृद्धांच्या सोसायटीत राहायला ये.

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

तो शब्द मी दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी फोनवर आईला सांगून बसले. आई म्हणाली, "अगं, मुलगा आहे ना तिला? मग त्याला कळवायला नको? उद्या काही बरंवाईट झालं तर माहीत असून गप्प बसलीस म्हणतील." मला ते शंभर टक्के पटलं. म्हाताऱ्या माणसाचं काही असलं की मुलाला कळवायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे? म्युझियमच्या वहीत पॉलचा नंबर होता. लावला.

आणि आता खरी लाज वाटायची गोष्ट. आमच्याकडे परगावच्या मुलाला बोलवायचं तर खरं तेवढंच सांगून भागत नाही. माझ्या आजोबांना साधा ताप होता, तरी मामाला 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघ' अशी तार गेली होती. मामा धावत आला, बघतो तर आजोबा पोहे खातायत. कुणी रागावलं नाही, उलट त्यालाही बशीभर पोहे मिळाले. सांगणाऱ्यानं तिखटमीठ लावून सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मी पॉलला तसंच सांगितलं. घराला आग लागता लागता राहिली. रस्ते रोजच चुकतात. मला तर फार भीती वाटते.

पलीकडून पॉल म्हणाला, "एक मिनिट, मी लिहून घेतो."

तिथेच मी थांबायला हवं होतं. त्यानं विचारलं, आग किती वेळा? मी म्हटलं, दोनतीनदा. माझ्या तोंडून ते गेलं आणि त्यानं ते लिहिलं. मग त्यानं माझे आभार मानले आणि नाव कुणाला सांगणार नाही, असंही म्हणाला.

शनिवारी तो आला. गाडीच्या किल्ल्या त्यानं मागितल्या आणि मावशींनी दिल्या, कारण त्यांना वाटलं आठवड्याचाच प्रश्न आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली, आठ दिवसांत मावशी ठणठणीत. पण पॉलकडे यादी होती. तारखेसकट. तो म्हणाला, "आई, गोळीनं दोनतीनदा आग लागत नाही. एक तर माझ्यासोबत चल, नाहीतर मी कोर्टात जाऊन तुझी जबाबदारी मागतो, मग तुझ्या सह्याही मीच करीन." मावशी म्हणाल्या, असं काही घडलंच नाही. तो म्हणाला, "मग तिथे असलेलं एक माणूस मला सांगू दे तसं. मी लगेच परत जातो."

पुढे एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. मावशी. किल्ल्या पॉलकडे, म्हणून नोव्हेंबरच्या थंडीत त्या एवढं अंतर चालत आल्या होत्या. नाक लाल झालेलं. विनयनं चहा पुढे केला, तो त्यांनी तसाच ठेवला.

"तू होतीस तिथे," त्या मला म्हणाल्या. "पॉलला एवढंच सांग. एकदा एप्रनची कड जळली. बाकी काही नाही. एवढं एक वाक्य."

एकच वाक्य होतं. पण ते सांगायचं म्हणजे आधी फोन मीच केला होता आणि वाढवून केला होता, हेही सांगायचं. विनय माझ्याकडे बघत होता. आदल्या रात्रीच तो म्हणाला होता, "यार, कोर्टबिर्ट म्हणतायत, आपलं ग्रीन कार्डचं चालू आहे, तू यात पडू नकोस." तो बोलला ते खरं, पण त्याच्यावर ढकलणार नाही. जीभ माझी होती.

मी म्हटलं, "मावशी, मी तेव्हा मागच्या खोलीत होते. नीट पाहिलं नाही."

"पाणी तर तूच ओतलंस."

"गडबड होती... मला नक्की आठवत नाही."

 मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. माझा हात थोपटत म्हणाल्या, "घाबरलीस होय. व्हिसा आहे तुझा. माझ्या लक्षातच आलं नाही बघ." मग उठता उठता म्हणाल्या, "म्युझियममधलंच कोणीतरी आहे. कोण असेल गं?"

"काय माहीत," मी म्हटलं.

विनय त्यांना गाडीनं सोडून आला. मी ओट्यापाशी उभी राहून त्यांचा न प्यालेला चहा ओतून दिला आणि खूप रडले. रडून काय होणार होतं? अजून वेळ होती. धावत जाऊन सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी एकेक दिवस जाऊ दिला. कोर्टात पोटच्या मुलासमोर उभी राहणार नाही, असं म्हणून मावशींनी शेवटी घर विकायच्या कागदांवर सही केली. जानेवारीत घर विकलं गेलं.

विनय आजही म्हणतो, "वय झालं होतं तिचं, आज ना उद्या जावंच लागलं असतं. तू स्वतःला किती त्रास करून घेणार?" असेलही तसं. पण उद्या जायचं की परवा, हे त्यांनी ठरवायचं होतं. बाईचा निर्णय बाईला वगळून पुरुषाच्या कानावर घालून कसा व्हायचा, हे दोन वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, टोपी घालून शाळेच्या पोरांना स्वतः सांगितलं. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा विचार न करता तेच केलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला तेच बरोबर वाटलं, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे व्हिसा बदलला, मी पुन्हा शिकवायला लागले, खातं निघालं, सगळं झालं. मावशींना त्यातलं एकही कळवायचं तोंड मला नव्हतं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या सकाळी. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. मी डबा घेऊन गेले, वाटेत खायला थेपले आणि लिंबाचं गोड लोणचं. मावशी पॉलच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स, अंगात चांगला कोट. मला बघून काच खाली केली. "आलीस! मला वाटलं, थंडीत कुठे येतेस. लिहीत जा मला. आणि म्युझियममधल्या त्या नव्या बाईला सांग, लोणी येत नसलं तर गार पाणी घालायचं." मी मान हलवत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याच मला धीर देत होत्या.

पॉल घराला कुलूप लावून आला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. भला माणूस, त्याला वाटलं असेल, आता सगळं पार पडलं, आता लपवायचं कशाला.

"त्या दिवशी तू फोन केलास म्हणून," तो म्हणाला. "आम्ही दोघंही तुझे फार आभारी आहोत. हो ना, आई?"

मावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं गणित अडतं आणि मग एकदम सुटतं, तेव्हा बघतात तसं. मी खाली बघितलं नाही, एवढंच त्या दिवशी मला जमलं.

"माझा नंबर होता ना गं तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या.

"होता, मावशी."

त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, मांडीवर नीट ठेवला आणि काच वर केली. पॉलनं गाडी सुरू केली.